गुरुत्वाकर्षणाला संमती लागत नाही

प्रति,
नेत्यांची प्रतिमा घडवणारे, त्यांची भाषणं लिहिणारे, सभांचे मंच आणि मोबाइलचे पडदे सजवणारे,
सर्व पक्षांतले सर्वजण

सप्रेम नमस्कार.

तुमची-माझी ओळख नाही, पण तुमचं काम मी आतून पाहिलं आहे. विसाव्या वर्षी एका निवडणुकीत मी घोषणा देणाऱ्यांच्या तुकडीत होते. मैदानाचे आठ भाग पाडलेले असायचे आणि प्रत्येक भागात आम्ही पाच जण. विखरून बसायचं आणि एकमेकांना ओळख द्यायची नाही. मंचाच्या डाव्या अंगाला स्पीकरच्या खांबाशी एक माणूस उभा असायचा. त्याने रुमाल एका खांद्यावरून काढून दुसऱ्यावर टाकला की पहिली घोषणा द्यायची. पहिल्या घोषणेला प्रतिसाद आमचा आम्हीच द्यायचा. दुसरीला आजूबाजूचे चार लोक देतात. तिसरीनंतर आम्ही गप्प बसायचं, मैदान आपोआप चालू लागतं. हे आम्हाला असंच, याच शब्दांत शिकवलं होतं आणि ते दर वेळी खरं ठरायचं.

त्या संध्याकाळी नेते तीन तास उशिरा आले. उशीर ठरवलेला होता हे मला नंतर कळलं. ते येण्याच्या क्षणी मैदानातले सगळे दिवे मालवले, मंचावर एकच पांढरा झोत पडला आणि त्या झोतात ते चालत आले. पहिली घोषणा मीच दिली होती. रुमाल कुठल्या खांद्यावरून कुठल्या खांद्यावर गेला तेही मी पाहिलं होतं. तरीही माझ्या अंगावर सर्रकन काटा आला आणि डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. शेजारच्या अनोळखी बाईंनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की त्यांच्या अंगठीच्या खड्याचा वळ दुसऱ्या दिवशीही दिसत होता. मीच पेटवलेल्या शेकोटीची ऊब मला दुसऱ्या कुणीतरी दिल्यासारखी वाटली. रात्री मैत्रिणीला मी सांगितलं, "त्यांच्यात काहीतरी आहे गं. ते आपल्यासारखे नाहीत."

ते "काहीतरी" काय असतं, याचा विचार मी पुढे अनेक वर्षं केला. आज मी शाळेत भौतिकशास्त्र शिकवते आणि आकाश निरभ्र असलं की मुलांना तारे दाखवते. हे पत्र लिहायचं कारण असं की, तुम्ही या "काहीतरी"चं उत्तर सतत आकाशातून आणून आम्हाला देत आहात आणि ते उत्तर चुकीचं आहे. तुमच्या फलकांवर नेता सूर्य असतो. तुमच्या मजकुरात तो नियतीने पाठवलेला असतो, शतकातून एकदाच जन्मणारा असतो. निवडणूक जिंकली की लाट असते आणि हरली की ग्रह फिरलेले असतात. लाट, वादळ, तेज, वलय, योग या प्रत्येक शब्दामागे एकच गोष्ट दडलेली आहे, की हे आपल्या हातात नव्हतं. निसर्गाची एक ताकद आली आणि आम्ही तिच्याबरोबर वाहत गेलो. मला आक्षेप आहे तो नेमका इथे.

ही क्लृप्ती तुम्ही शोधलेली नाही, हे मला ठाऊक आहे. इसवी सनापूर्वी ४४ मध्ये ज्युलियस सीझरची हत्या झाल्यावर काही महिन्यांतच त्याच्या स्मरणार्थ खेळ भरवले गेले आणि त्याच दिवसांत आकाशात एक धूमकेतू दिसला. सीझर देव होऊन वर गेला अशी समजूत लोकांत पसरली. त्याचा दत्तकपुत्र ऑक्टेव्हियन, म्हणजे पुढचा सम्राट ऑगस्टस, याने ती समजूत वाया जाऊ दिली नाही. तो धूमकेतू त्याने नाण्यांवर उमटवला. नाणं हातोहात फिरतं, त्यामुळे देवाचा मुलगा राज्य करतो आहे ही बातमी बाजारातल्या प्रत्येक मुठीत पोहोचली. हजार वर्षांनी, १०६६ मध्ये, हॅलेचा धूमकेतू आला. इंग्लंडच्या हॅरल्ड राजाला तो अपशकुन ठरला आणि त्याला हरवणाऱ्या नॉर्मंडीच्या विल्यमला शुभशकुन. धूमकेतू एकच होता. तो दर ७५-७६ वर्षांनी येतो, कुणीही राज्य करत असलं तरी येतो. १६१० मध्ये गॅलिलिओने गुरूचे चार चंद्र शोधले आणि त्यांना फ्लॉरेन्सच्या मेदिची घराण्याचं नाव दिलं, कारण त्याला दरबारी आश्रय हवा होता. ते नाव टिकलं नाही. फ्रान्सचा चौदावा लुई तरुणपणी नृत्यनाट्यात सूर्यदेवाच्या वेषात नाचला आणि आयुष्यभर सूर्यराजा म्हणवून घेत राहिला.

सूर्याची ही उपमा मला विशेष खटकते. ती कुठे बसते आणि कुठे बसत नाही, हे थोडं सविस्तर सांगते.

सूर्यमालेतल्या एकूण वस्तुमानापैकी ९९.८ टक्के एकट्या सूर्यात आहे. ग्रह, चंद्र, धूमकेतू, सगळे मिळून उरलेल्या चिमूटभरात येतात. म्हणून इथे केंद्राचीच सत्ता चालते. केंद्राजवळचा बुध सेकंदाला ४७ किलोमीटर वेगाने धावतो आणि दूरचा नेपच्यून जेमतेम साडेपाच किलोमीटरने. अंतर वाढलं की ओढ कमी होते आणि वेगही उतरतो. तुम्ही समाजाचं जे चित्र रंगवता ते असं आहे. मध्ये एक तेजस्वी गोळा, भोवती आम्ही, आणि आमची गती त्याच्यापासून आम्ही किती जवळ आहोत त्यावर ठरणार.

आता देवयानी दीर्घिका पाहा, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखाच ताऱ्यांचा एक अवाढव्य समूह. अंधाऱ्या रात्री साध्या डोळ्यांनीही ती दिसते, पुसट कापसाच्या बोळ्यासारखी. तिचा प्रकाश २५ लाख वर्षांपूर्वी निघालेला असतो. मुलांना मी ती दुर्बिणीतून दाखवते तेव्हा ती हटकून विचारतात, "एवढीशीच?" एवढीशी नसते ती. आकाशात तिचा विस्तार सहा पौर्णिमेचे चंद्र शेजारी-शेजारी मांडावेत इतका आहे. आपल्याला दिसतो तो केवळ उजळ गाभा. १९७० मध्ये व्हेरा रुबिन आणि केंट फोर्ड या खगोलशास्त्रज्ञांनी याच दीर्घिकेतल्या दूरदूरच्या वायुमेघांचे वेग मोजून प्रसिद्ध केले. सूर्यमालेसारखं असेल तर कडेला वेग उतरायला हवा होता. तो उतरत नव्हता. कडेचं सगळं जवळजवळ तेवढ्याच वेगाने फिरत होतं. दिसणाऱ्या ताऱ्यांची ओढ एवढ्या वेगाला पुरणारी नव्हती. फ्रिट्झ झ्विकी याला १९३३ मध्येच दीर्घिकांच्या एका मोठ्या समूहात असाच हिशेब न जुळणारा सापडला होता, पण तेव्हा त्याच्याकडे फारसं कुणी लक्ष दिलं नाही. रुबिन यांनी पुढे अनेक दीर्घिका मोजल्या आणि सगळीकडे तेच दिसलं. दीर्घिकेला धरून ठेवणारं बहुतेक वस्तुमान न दिसणारं आहे. ते केंद्रात नाही, चहूकडे पसरलेलं आहे, आणि त्यातून प्रकाशाचा एक किरणही निघत नाही. आजच्या मोजणीनुसार विश्वात आपल्या ओळखीचं साधं द्रव्य जेमतेम ५ टक्के आहे, हे कृष्णद्रव्य सुमारे २७ टक्के आणि उरलेली ६८ टक्के कृष्णऊर्जा. कृष्णद्रव्य कशाचं बनलं आहे, हे आज कुणालाच सांगता येत नाही.

मी हे शिकवायला लागले तेव्हा फळ्यावर दीर्घिकेचा वेगाचा आलेख काढता काढता मला ते मैदान आठवलं. आठ भागांत विखरून बसलेले, एकमेकांना ओळख न देणारे आम्ही चाळीस जण. मांडव घालणारे. जनरेटरपाशी रात्रभर जागणारा मुलगा. गावोगावच्या गाड्या भरणारे कार्यकर्ते. आणि त्यांच्याही पलीकडे, दिवसभराचं काम टाकून, उन्हापासून संध्याकाळपर्यंत तीन तास बसून राहिलेली हजारो माणसं. झोत एका माणसावर होता. ओढ या सगळ्यांची होती.

उपमा मीही वापरते आहे, हे मला कळतं. दीर्घिका म्हणजे समाज नव्हे आणि उपमेने काही सिद्ध होत नाही. पण तुम्हाला आकाशातूनच उदाहरणं द्यायची असतील तर निदान संपूर्ण आकाश बघा, एवढंच माझं म्हणणं आहे.

मैदानातल्या त्या काट्याचं, त्या अश्रूंचं खरं कारण मला एका समाजशास्त्रज्ञाकडे सापडलं. एमिल दुर्खीम या फ्रेंच अभ्यासकाने १९१२ मध्ये एक निरीक्षण मांडलं. माणसं एरवी पांगलेली असतात. ती एका जागी जमली, एका सुरात ओरडली, एका लयीत हलली की त्यांच्यात एक भरतं येतं. एकट्याने कधी अनुभवली नसेल अशी ताकद प्रत्येकाला स्वतःच्या अंगात जाणवते. ती ताकद खरी असते. फक्त ती कुठून आली हे कुणाला उमगत नाही. आपल्याच एकत्र येण्यातून ती उपजली हे न कळल्यामुळे माणसं ती समोर जे काही चिन्ह असेल त्याला चिकटवून टाकतात. दुर्खीम आदिम जमातींच्या कुळचिन्हांबद्दल लिहीत होता. मी वाचत होते ते माझ्या मनगटावरच्या वळाबद्दल.

इथे एक हिशेब सांगायचा मोह मला आवरत नाही. ग्रहताऱ्यांचा माणसावर परिणाम होतो असं सांगणारे हमखास चंद्राचा दाखला देतात. चंद्र समुद्राला भरती आणतो, माणसाच्या शरीरातही पाणीच जास्त, मग त्याला भरती का येणार नाही? वर्गात हा प्रश्न दरवर्षी येतो आणि तो चांगला प्रश्न आहे. पण भरती नुसत्या ओढीने येत नाही, ओढीतल्या फरकाने येते. पृथ्वीच्या चंद्राकडच्या बाजूवर ओढ जास्त असते, पलीकडच्या बाजूवर कमी असते, आणि या दोन बाजूंमध्ये साडेबारा हजार किलोमीटरहून जास्त अंतर आहे. माणसाच्या डोक्यात आणि पायात जेमतेम पावणेदोन मीटर. शिवाय हा परिणाम अंतराच्या घनाने घटत जातो आणि चंद्र सरासरी ३,८४,००० किलोमीटर दूर आहे. ढोबळ आकडेमोड केली तर एक मीटरवर उभ्या असलेल्या ६० किलोच्या माणसाचा तुमच्या शरीरावर होणारा असा परिणाम चंद्राच्या चाळीस हजार पटींहून जास्त भरतो. दोन्ही इतके सूक्ष्म की शरीराला त्यांचा पत्ताही लागत नाही. पण तुलनाच करायची झाली तर चंद्रापेक्षा, गुरूपेक्षा, शनीपेक्षा शेजारचा माणूस भारी आहे. वर्गात हे गणित सुटतं तेव्हा मुलं आपोआप शेजारच्याकडे वळून बघतात. तो क्षण मला फार आवडतो.

पत्रिकांचंही तेच. जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी केलेली चाचणी २००९ मध्ये प्रसिद्ध झाली. १०० हुशार मुलांच्या आणि १०० मतिमंद मुलांच्या पत्रिका मिसळल्या आणि ज्योतिषांना विचारलं, यातली हुशार कोण ते ओळखा. २७ ज्योतिषांनी प्रत्येकी ४० पत्रिका तपासून उत्तरं पाठवली. बरोबर उत्तरांचं सरासरी प्रमाण ४६ टक्के आलं. नाणं उडवलं असतं तर ५० च्या आसपास आलं असतं. इतका ठळक फरक पत्रिकेतून दिसत नसेल तर राजयोग दिसतो हे कशाच्या आधारावर म्हणायचं?

हे खाजगी श्रद्धेपुरतं राहिलं असतं तर मी लिहिलं नसतं. १९८१ मध्ये रोनाल्ड रेगन यांच्यावर गोळीबार झाल्यानंतर त्यांच्या पत्नी घाबरून ज्योतिषाचा सल्ला घेऊ लागल्या आणि अध्यक्षांच्या दौऱ्यांच्या वेळा त्यानुसार हलत होत्या, हे १९८८ मध्ये बाहेर आलं. नवऱ्यावर गोळी झाडली गेलेल्या बाईची भीती मला समजते. तिला मी नावं ठेवणार नाही. पण बर्मात त्याच सुमारास जे झालं त्याला काय म्हणावं? सप्टेंबर १९८७ मध्ये तिथले लष्करशहा ने विन यांच्या राजवटीने २५, ३५ आणि ७५ क्यॅटच्या नोटा एका झटक्यात रद्द केल्या, भरपाई न देता. चलनात नव्या आणलेल्या नोटा ४५ आणि ९० च्या होत्या. दोन्ही आकड्यांना ९ ने भाग जातो आणि ९ हा ने विन यांचा शुभांक मानला जाई. घराघरांतली पुंजी कागदाच्या कपट्यांसारखी झाली. पुढच्याच वर्षी देश पेटून उठला आणि जुलै १९८८ मध्ये ने विन यांना पक्षाचं अध्यक्षपद सोडावं लागलं. आकाशाशी थेट बोलणं चालू आहे असं वाटणाऱ्या माणसाला खालच्या माणसांना विचारायची गरज उरत नाही. श्रीलंकेत महिंदा राजपक्षे यांनी ज्योतिषाच्या सल्ल्याने मुदतीच्या जवळजवळ दोन वर्षं आधी निवडणूक घेतली. ८ जानेवारी २०१५ ला मतदान झालं आणि ते हरले. मतदारांनी आपल्या हातातली गोष्ट आपल्या हाताने केली.

आता १९१९ कडे येते. हे वर्ष माझ्या मनात कायम घर करून बसलं आहे.

त्या वर्षी २९ मे रोजी खग्रास सूर्यग्रहण झालं. ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ आर्थर एडिंग्टन आफ्रिकेजवळच्या प्रिन्सिपी बेटावर होता आणि दुसरी तुकडी ब्राझीलमधल्या सोब्राल इथे होती. सूर्याच्या कडेला घासून येणाऱ्या ताऱ्यांचा प्रकाश किती वळतो हे त्यांना मोजायचं होतं. नोव्हेंबरमध्ये लंडनमध्ये निष्कर्ष जाहीर झाले आणि आइन्स्टाइनचं म्हणणं उचलून धरलं गेलं. ते म्हणणं काय होतं? सूर्य कुणाला दोरी बांधून ओढत नाही. वस्तुमानामुळे भोवतालचं अवकाशच वाकतं आणि ग्रह, प्रकाश, सगळे त्या वाकलेल्या वाटेने आपापल्या परीने सरळ जात असतात.

त्याच वर्षी, चार महिने आधी, २८ जानेवारीला जर्मन समाजशास्त्रज्ञ माक्स वेबर म्युनिकमध्ये विद्यार्थ्यांपुढे राजकारण या व्यवसायावर बोलला. तुम्ही उठता-बसता जो शब्द वापरता तो करिष्मा आजच्या अर्थाने रुळवला याच माणसाने. मूळ ग्रीक शब्द, अर्थ कृपेने मिळालेली देणगी. परंपरेची सत्ता, कायद्याची सत्ता आणि तिसरी ही, एका असामान्य वाटणाऱ्या माणसावरच्या भक्तीची सत्ता, अशी त्याने मांडणी केली. तुमच्या धंद्यात या विचाराचा अर्धाच भाग पोहोचला आहे. वेबरने दुसरा अर्धा भागही तितक्याच स्पष्टपणे मांडला होता. नेत्यात ती देणगी खरोखर आहे की नाही, हे गौण आहे. अनुयायी ती मानतात का, यावर सगळं उभं असतं. मानणं थांबलं की करिष्मा उरत नाही. आणि ही भक्ती उफाळते ती संकटाच्या काळात, जुनी घडी विस्कटलेली असताना.

गुरुत्वाकर्षणाला आपली संमती लागत नाही. कड्यावरून पाय घसरला तर पृथ्वी आपलं मत विचारणार नाही. करिष्म्याला मात्र दर दिवशी, दर सभेत, दर मतपेटीत आपली संमती लागते. म्हणूनच तर तुमची नेमणूक होते. तो खरोखर निसर्गनियम असता तर रुमालाची गरज पडली नसती.

तरीही, आइन्स्टाइनचं चित्र घेऊन मी माझ्या विसाव्या वर्षाकडे पाहिलं तेव्हा मला स्वतःबद्दल काही उमगलं. मला त्या नेत्याने ओढलं नव्हतं. माझी जमीन आधीच वाकलेली होती. घरातली कमावती नोकरी त्या वर्षी सुटली होती, मला पुढे शिकता येईल का हे ठरत नव्हतं आणि माझं म्हणणं ऐकून घेईल असं कुणी नव्हतं. मी त्या उतारावरून माझ्या मते सरळच चालत होते. उताराच्या तळाशी कोण उभं होतं, हा जवळजवळ योगायोग. दुसरं कुणी असतं तर मी त्याच्यासाठी रडले असते. शेजारच्या त्या बाई कुठल्या उतारावरून आल्या होत्या, मी विचारलं नाही. आज विचारलं असतं.

१९१९ चं म्युनिकही असंच वाकलेलं होतं. युद्ध हरलेलं, राजा पळालेला, अन्नाचे वांधे. वेबर बोलला त्याच महिन्यात त्याच शहरात एक किरकोळ पक्ष स्थापन झाला होता. सप्टेंबरमध्ये अडॉल्फ हिटलर त्यात सामील झाला. वेबर १९२० मध्ये वारला, त्याला पुढचं पाहावं लागलं नाही. पुढे हिटलर छायाचित्रकार हाइनरिश होफमानच्या कॅमेऱ्यासमोर हातवाऱ्यांचा सराव करत असे आणि ते फोटो नष्ट करायला सांगत असे. होफमानने ते ठेवले, म्हणून आज आपल्याला ते पाहता येतात. नियतीने मला वाट आखून दिली आहे आणि मी झोपेत चालणाऱ्याच्या खात्रीने तिच्यावरून चालतो आहे, असं हिटलर १९३६ मध्ये म्युनिकच्याच भाषणात म्हणाला. न्युरेम्बर्गच्या मेळाव्यांत अल्बर्ट श्पेअरने मैदानाभोवती शंभराहून जास्त विमानवेधी सर्चलाइट आकाशाकडे तोंड करून लावले. प्रकाशाचे खांब वर ढगांत मिसळायचे आणि खाली लाखभर माणसं अंधारात उभी असायची. ज्यांनी ते पाहिलं त्यांना देवळात उभं राहिल्यासारखं वाटलं. श्पेअर पुढे शस्त्रास्त्रमंत्री झाला आणि लाखो माणसांना वेठीला धरून कामाला जुंपल्याबद्दल त्याच न्युरेम्बर्गमध्ये १९४६ साली त्याला २० वर्षांची शिक्षा झाली. तुम्ही श्पेअर आहात असं मी म्हणत नाही. तसं म्हणणं अन्यायाचं होईल. पण दिव्यांचं काम करणारा माणूस फक्त दिव्यांचं काम करत नसतो, हे त्याच्यापेक्षा स्पष्ट कुणी दाखवून दिलेलं नाही.

करिष्मा म्हणजे केवळ फसवणूक, असंही मी मानत नाही. काही माणसांना खरोखरच दहा हजारांतून एकाचं नाव आठवतं, काहींचं धैर्य आपल्याला लागण व्हावी तसं लागतं. गांधीजींचा आवाज बारीक होता, ते गर्जना करणारे वक्ते नव्हते, तरी लाखो लोक त्यांच्या शब्दावर तुरुंगात गेले. महात्मा या पदवीने आपल्याला अनेकदा यातनाच झाल्या असं त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. आणि फेब्रुवारी १९२२ मध्ये, चौरीचौराला जमावाने पोलिसांना जाळून मारल्यावर, त्यांनी ऐन भरात आलेली चळवळ थांबवली. जवळचे सहकारी संतापले. जमलेली सगळी ओढ त्यांनी त्या जमावालाच "नाही" म्हणण्यासाठी वापरली. नेल्सन मंडेलांनी १९९४ ते १९९९ एवढा एकच कार्यकाळ राज्य केलं आणि खुर्ची सोडली, त्यांना धरून ठेवायला सगळा देश तयार असताना. ही माणसं आपल्याकडची ओढ उसनी आहे असं समजून वागली. उसनं घेतलेलं परत करायचं असतं हे ज्याला कळतं त्याच्या मागे जायला मला आजही संकोच वाटणार नाही. फरक तपासायची माझी पद्धत साधी आहे. ज्याच्यासाठी मी टाळ्या वाजवते तो मला न आवडणारं काही तोंडावर सांगू शकतो का? आणि मी त्याला?

म्हणून माझं तुमच्याकडे मागणं आहे. नियती, अवतार, ग्रहमान हे शब्द तुमच्या मजकुरातून काढून टाका. नेता काय करणार, कधीपर्यंत करणार, पैसे कुठून आणणार, ते लिहा. तो चुकला तर कुणी, कुठे, कसं विचारायचं तेही लिहा. असा मजकूर फलकावर उठून दिसत नाही, मला कल्पना आहे. जिंकल्यावर विजयाच्या भाषणात मांडव घालणाऱ्यांचे आभार शेवटच्या ओळीत उरकू नका. पराभव झाला तर शनीला मध्ये आणू नका. लोकांनी ठरवलं असं म्हणा, जसं जिंकल्यावर म्हणता. आणि तुमच्या तुकड्यांत विशी-बाविशीची मुलं असतील, रुमालाकडे डोळे लावून बसलेली. सभा संपल्यावर त्यांना घेऊन दहा मिनिटं बसा आणि आत्ता जे झालं ते कसं झालं हे त्यांना नीट उलगडून सांगा. मला कुणीतरी सांगायला हवं होतं.

त्या सभेनंतर मैदान रिकामं झालं तेव्हा आम्हाला आवराआवरीला थांबवलं होतं. हरवलेल्या चपलांचा एक ढीग झाला होता, एकेकट्या, जोडी नसलेल्या. जनरेटर बंद झाला आणि डोक्यावर एकदम तारे दिसू लागले, ते आधीपासून तिथेच होते. नेत्यांच्या भाषणातलं एकही वाक्य मला त्या रात्रीही आठवलं नाही आणि आजही आठवत नाही. मनगटावरची पकड आठवते.

तेवढ्यासाठी शेवटची एक विनंती. पुढच्या सभेत नेते मंचावर येतील तेव्हा मैदानातले दिवे मालवू नका. शेजारी कोण बसलं आहे ते आम्हाला दिसू द्या.

कळावे,
घोषणा देणाऱ्या तुकडीतली एक माजी कार्यकर्ती